पाय बघू

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून गेली की आमच्या सोलापूरच्या घरात कूलर माळ्यावरून खाली येतो. त्याचं गवत बदलायचं, पंप चालतोय का बघायचं, गेल्या वर्षी गळत होता त्या कोपऱ्याला एम-सील लावायचं. आठवडाभर घरात दुसरा विषय नसतो. याच आठवड्यात पायही मोज्यांतून बाहेर पडतात, पण त्यांची चौकशी कोण करतंय? टाचांना पांढुरक्या भेगा, अंगठ्याच्या नखाचा कोपरा वर आलेला, करंगळीचं नख असून नसल्यासारखं. तो कोपरा रात्री चादरीत अडकला की मग अंधारात हाक, ‘अगं, नेलकटर कुठं ठेवलायस?’ रात्री नखं कापू नयेत, शनिवारी कापू नयेत, अमावास्येला कापू नयेत, हे सगळं पाठ असणाऱ्या घरांत ती कापायची कधी, ते कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्याकडे आता शिवरात्र ते शिमगा हा पंधरवडा पायांचा असतो. आधी पाय, मग कूलर. हा नियम मी घातला, आणि तो मला जरा उशिराच सुचला.

मी मूळची कुडाळजवळची. लहानपणी चप्पल असायची ती शाळेपुरती. बाकी दिवसभर खळं, पाणंद, चिऱ्याच्या पायऱ्या आणि कातळ, सगळं अनवाणी. उन्हाळ्याच्या तोंडावर टाचा अशा फुटायच्या की गोधडीचे दोरे भेगांत अडकायचे. मग आजी फडताळातून मुठेलाचा गोळा काढायची. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. तेल म्हणायचं, पण एरवी ते साबणाच्या वडीसारखं घट्ट असतं. कोकमं पिकतात एप्रिल-मेमध्ये. सालांची आमसुलं होतात, आणि बिया धुऊन, वाळवून ठेवल्या जातात. सवड मिळाली की त्या कुटायच्या, पाण्यात रटरटू द्यायच्या, वर येणारा तवंग काढून घ्यायचा आणि थंड व्हायला लागला की मुठीत दाबून गोळे करायचे. आमच्या घरच्या गोळ्यांवर आजीच्या चार बोटांचे खळगे असायचे. बाजारात आता डबीत मिळतं त्याला ‘कोकम बटर’ म्हणतात, आणि त्यावर कुणाचीच बोटं नसतात.

आजी पळीत मुठेलाचा तुकडा टाकायची, पळी निखाऱ्यावर धरायची आणि पातळ झालं की थेंब थेंब भेगेत सोडायची. मी ‘आये गे!’ करून पाय ओढायचे, ती घोटा सोडायची नाही. ‘चटको बसलो म्हणजे औषध लागला,’ असं तिचं ठरलेलं वाक्य. चटका ही तिच्या लेखी पोचपावती होती. सकाळपर्यंत भेगेच्या कडा मऊ पडायच्या आणि दोन-तीन रात्रींत टाच जमिनीला टेकवता यायची.

टाचाच का फुटतात, हे मला खूप पुढे कळलं. अंगावरच्या बहुतेक सगळ्या कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, फक्त तळहात आणि तळपाय यांना त्या दिलेल्या नाहीत. घामाच्या ग्रंथी मात्र तिथे दाटीवाटीने. म्हणजे पाय भिजणार स्वतःच्या घामाने, आणि वाळताना त्यांच्याजवळ स्वतःचं तेल थेंबभर नाही. त्यात टाचेची कातडी सगळ्यात जाड. उभं राहिलं की अंगाचा भार टाचेवर येतो, आतली गादी बाजूंना पसरते, मागून उघड्या चप्पलला तिला अडवणारी भिंत नसते. मऊ कातडी ताणली गेली असती. वाळलेली जाड कातडी ताणत नाही, तडकते. जळवात म्हणतात ती हीच. डॉक्टर मंडळी युरियाचं क्रीम देतात ते याचसाठी, कारण युरिया पाणी धरून ठेवतो आणि निबर थर सैल करतो. युरिया म्हटल्यावर आमच्या ह्यांना खताचं पोतं आठवलं होतं.

लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा आयेने बांधून दिलेल्या सामानात मुठेलाचे चार गोळे होते. सासूबाईंनी एक हातात घेऊन वास घेतला. ‘साबण का गं?’ मी सांगितलं कशासाठी ते. त्या हसल्या. ‘मला नको. माझ्या पायांना काही होत नाही.’

ते मला खरंच वाटलं, आणि वाटायला कारणही होतं. सासूबाई, म्हणजे मी त्यांना आईच म्हणते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मोहोळ तालुक्यात शाळा. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पुढे तीन किलोमीटर पायी. काळी माती, बाभळीचे काटे, उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटताना फुफाटा तापलेला. पायात कोल्हापुरी. अशी चौतीस वर्षं. त्यांच्या पायांबद्दल घरात एक प्रकारचा अभिमान होता. ‘आमच्या आईनं पृथ्वीप्रदक्षिणा केलीय,’ हे आमच्या ह्यांचं लाडकं वाक्य.

त्या पायांना मी बावीस वर्षं वाकून नमस्कार केला. पाडव्याला, दसऱ्याला, गावाला निघताना, गावाहून आल्यावर. आता आठवून बघते तर नमस्कारात पाय दिसतच नाहीत. दिसतात साडीच्या निऱ्या. हात घोट्याच्या आसपास कुठेतरी टेकतो न टेकतो तोच वरून ‘असू दे, असू दे’ येतं आणि आपण उठतो. तेवढ्यात कुणाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय की करंगळीला भोवरी झालीय, हे कळणार कसं?

आईंना साखर निघाली त्याला आता पंधरा वर्षं झाली. पहिली तीन-चार वर्षं रात्री तळपायांची नुसती आग व्हायची. तळपायाची आग मस्तकात जाणं हे मी रागाबद्दल ऐकलं होतं. त्यांची खरीच जायची. पांघरूण सहन होत नसे. पाय पलंगाबाहेर काढून, कधी खाली फरशीवर टेकवून त्या झोपायच्या. मग मी काशाची वाटी घ्यायची, तळपायाला तूप लावायचं आणि अर्धा अर्धा तास घासायचं. वाटीचा तळ काळा व्हायचा, तूप काळं व्हायचं, आणि आई म्हणायच्या, ‘बघ, किती उष्णता निघाली.’ कासं म्हणजे तांबं आणि कथील. तांब्याची घामाशी आणि तुपाशी घासाघास झाली की काळं येणारच, त्यात उष्णतेचा काही संबंध नाही, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. घासल्यावर त्यांना झोप लागायची, ती तर खरी होती. चरकसंहितेत पायांना तेल चोळल्याने जाणाऱ्या गोष्टींची यादी आहे: खरखर, ताठरपणा, रुक्षता, थकवा आणि पाचवा बधिरपणा. त्या यादीतला बधिरपणा तेव्हा मी वाचून पुढे गेले होते.

मग हळूहळू आग थांबली. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. वाटीला यश आलं, असं आईंनी शेजारणींना सांगितलं आणि दोघींना वाटी आणायलाही लावली.

दोन चैत्रांमागे आम्ही कुलदेवीला गेलो होतो. दर्शन होऊन बाहेर पडायला दुपारचा दीड वाजला. आवारातली फरशी तव्यासारखी तापलेली. मंडपापासून चपला ठेवल्या होत्या तिथपर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. सगळे उड्या मारत, ‘आई गं, आई गं’ करत, खांबांच्या सावलीतून सावलीत पळत होते. आमचे हे, माझी मुलगी, मी, सगळेच. आणि आई मधोमध, उन्हातून, हातात परडी सांभाळत संथ चालत येत होत्या. नेहमीच्या चालीने. एका बाईने तर त्यांच्याकडे बघून हात जोडले. मी मुलीला म्हटलं, ‘बघ, याला म्हणतात सोशिकपणा. नाहीतर तुम्ही.’

हे वाक्य मी म्हटलं होतं. अजून कधी रात्री आठवतं.

घरी आल्यावर संध्याकाळी आई न्हाणीघरातून आल्या तर फरशीवर ओले ठसे, आणि उजव्या पावलाचा ठसा जरा लालसर. त्यांना वाटलं, कुंकू सांडलं असेल. मी म्हटलं, ‘पाय बघू, आई.’ त्या म्हणाल्या, ‘काही नाही गं.’ मी पाय हातात घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाच्या दोन नाण्यांएवढा फोड येऊन फुटला होता, वरची कातडी सुटून लोंबत होती. डाव्या पायालाही तसाच एक, अजून न फुटलेला. मी बोट लावलं, मग जरा दाबलं. आई शांतपणे विचारत होत्या, ‘काय दिसतंय?’

पुढचे दोन-अडीच महिने त्या फोडाने खाल्ले. जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, उपाशीपोटीची साखर अडीचशेच्या पुढे गेली, दहा दिवस दवाखान्यात काढले. त्याचं सगळं सांगत बसत नाही. सांगायचाय तो धागा.

तिथल्या डॉक्टरांनी ताप उतरल्यावर एक दिवस खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं. टोकाला मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा नायलॉनचा एक ताठ धागा. याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो कातडीवर टेकवून दाबायचा. दहा ग्रॅमचा दाब पडला की धागा वाकतो, त्याहून जास्त दाब तो देऊच शकत नाही. दहा ग्रॅम म्हणजे दोन चहाचे चमचे पाणी. ‘डोळे मिटा आजी, आणि पायाला लागलं की हो म्हणा.’

आईंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी अंगठ्याखाली धागा टेकवला, वाकवला. आई गप्प. करंगळीखाली, गप्प. टाचेला, गप्प. मग थोडा वेळ गेला आणि आई म्हणाल्या, ‘हो.’ परत थोड्या वेळाने, ‘हो.’ चांगल्या ठणठणीत आवाजात, वर्गात हजेरी द्यावी तशा. डॉक्टरांचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर होते, आणि धागा टेबलावर.

चौतीस वर्षं मुलांकडून बरोबर उत्तरं घेतलेली बाई. परीक्षेत कोरा पेपर द्यायचा नाही, अंदाजाने का होईना लिहायचं, हे त्यांनीच किती पोरांना शिकवलं असेल. मला हसूही आलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी मग कंपनकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवला. त्याची थरथर कळते का म्हणून विचारलं. तीही कळली नाही. ‘आग व्हायची म्हणता ना, ती कधी थांबली?’ मी वर्षं मोजून सांगितली. ते म्हणाले, ‘आग होत होती तोवर नसा तक्रार करत होत्या. आता तक्रार करायलाही कुणी उरलं नाही.’ वाटीचं यश ते एवढंच.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड नावाचे एक शल्यविशारद आले. कुष्ठरोग्यांची बोटं झडतात ती रोगाने मांस सडतं म्हणून, अशी तोवर सगळ्यांची समजूत. ब्रँड यांनी रोज बघून दाखवून दिलं की रोग नसा बधिर करतो, आणि पुढचं काम रोजचं जगणं करतं. चूल, खिळा, चावणारी चप्पल, दगडावर घासलेली टाच. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. मधुमेहाच्या पायांचंही तेच. आज या पायांसाठी देतात ती एमसीआरची चप्पल, म्हणजे आत हवेची बारीक भोकं असलेल्या मऊ रबराची, तीही आधी कुष्ठरोग्यांच्याच पायात होती. आईंनी ती घातली तेव्हा नाक मुरडलं. मागे पट्टा, पुढे रुंद, रंग मातकट. ‘ही घालून मी हळदीकुंकवाला जाऊ?’ अकरा वर्षं झाली सासरे जाऊन, हळदीकुंकवाला त्या जात नाहीत. रागाच्या भरात बोलून गेल्या.

त्यांची कोल्हापुरी अजून दाराशी खुंटीला टांगलेली आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, आणि चारांत आमचं सोलापूर. ही बातमी आईंनी कापून ठेवली होती. नवी कोल्हापुरी चावते, तिला एरंडेल पाजायचं, आठ-दहा दिवस सोसायचं आणि मग ती पायाची होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण चावली हे कळलं पाहिजे ना. अंगठ्याचा पट्टा रुतून रक्त आलं तरी ज्यांना पत्ता नाही, त्यांच्यासाठी ती चप्पल कामाची नाही. चप्पल वाईट नाही, असं मी आईंना सांगते. त्या खुंटीकडे बघतात.

तर आता दर रविवारी सकाळी, आंघोळीनंतर. आंघोळीनंतर अशासाठी की नखं तेव्हा मऊ असतात. वेगळं पाणी तापवून पाय बुडवून बसणं आमच्याकडे बंद, कारण पाणी किती गरम आहे हे त्या पायांना कळत नाही आणि भिजून भिजून कातडी आणखी फुटते. बादलीतलं पाणीही मी आधी कोपराने बघते. आई खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर, खाली जुना पेपर, आणि आईंच्या हातात आजचा. मी नखं कापते, त्या शब्दकोडं सोडवतात. ‘चार अक्षरी, पायात घालायचं, दुसरं अक्षर द.’ ‘पदत्राण होईल का, आई?’ ‘होतंय की.’ हे त्या मला हसवायला मुद्दाम बनवून विचारतात की खरंच छापलेलं असतं, ते अजून कळलेलं नाही.

आधी बोटांच्या बेचक्या पुसायच्या. पायांना पाच बोटं आणि चार बेचक्या, आणि चिखल्या होतात त्या या चार जागांतच. टॉवेलचा कोपरा घालून कोरड्या करायच्या. क्रीम लावायचं ते टाचेला, चवड्याला, पावलावर. बेचकीत नाही, तिथे ओल नको. मग छोटा आरसा तळपायाखाली धरायचा, म्हणजे आईंनाही दिसतं. पहिल्या वेळी त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं. ‘हे माझेच?’ म्हणाल्या.

नखं हा निराळाच प्रांत. आईंच्या अंगठ्याची नखं इतकी जाड आणि पिवळट झाली होती की साधा नेलकटर त्यावर नुसता टक् करून घसरायचा. शिंग म्हणा हवं तर. पूर्वी न्हावी नराणी घेऊन घरी यायचा आणि म्हाताऱ्यांची अशी नखं तासून द्यायचा. आता दाढीच्या सामानात कुणी नराणी ठेवत नाही. मी आधी गृहीतच धरलं की बुरशी आहे, औषधाच्या दुकानातून मलमही आणलं. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ते बाजूला ठेवलं, नख खरवडून भुगा तपासायला पाठवला आणि मगच सांगितलं, ‘हो, बुरशी आहे.’ सगळीच जाड नखं बुरशीची नसतात. वयाने होतात, ठेचा लागून लागून होतात, चपलेच्या दाबाने होतात. बुरशीच्या गोळ्या तीन महिने घ्याव्या लागतात आणि त्याआधी यकृताची तपासणी. गोळ्या संपल्यावर नख लगेच चांगलं होईल ही माझी अपेक्षा होती. तसं होत नाही. बिघडलेलं नख बिघडलेलंच राहतं. नवं मुळाशी उगवतं आणि जुन्याला पुढे ढकलत नेतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मंच. अंगठ्याचं अख्खं नख बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि म्हातारपणी त्याहून जास्त. म्हणजे आज टोकाशी जे कापतेय ते कधीतरी दोन शिमग्यांपूर्वी मुळाशी उगवलेलं.

कापायचं सरळ. कोपरे गोल करत आत शिरायचं नाही, नाहीतर नख मांसात घुसतं. कोपऱ्यांना फक्त कानस. एका वेळी सगळं कापायचा हट्ट धरायचा नाही. भोवरीला, कुरुपाला ब्लेड लावायचं नाही, आणि कुरूप जाळायच्या त्या औषधी पट्ट्या तर घरात आणायच्याच नाहीत, कारण त्यातलं आम्ल कुरूप कोणतं आणि कातडी कोणती ते बघत नाही. हे शिकायला मला चार रविवार लागले. आमच्या ह्यांनी एकदा प्रयत्न केला. पहिल्याच नखाला त्यांचा हात थरथरायला लागला. ‘माझ्या हातून कापलं आणि तिला कळलंच नाही तर?’ म्हणाले आणि उठले. तेव्हापासून ते आरसा धरतात.

एरवी मला स्वतःला पायांचे लाड आवडतात. उन्हाळ्याआधी एकदा पार्लरमध्ये जाऊन बसायचं, कुणीतरी पाय चोळून द्यायचे, गुलाबी नेलपॉलिश, नवी सँडल. पण गेल्या वर्षी एका पार्लरमधल्या मुलीने नखाच्या मुळाची कातडी मागे रेटता रेटता कापली, तीही कालच्या कुणाच्या पायाला लावलेल्या चिमट्याने, आणि मला पंधरा दिवस नखुरडं झालं. ठणका असा की रात्री पाय उशीवर ठेवून पडावं लागलं. त्या ठणक्यात मला आईंचा हेवा वाटला नाही, एवढं सांगते. आता माझी हत्यारं माझी आणि आईंची आईंची, दोन वेगळ्या डब्यांत.

घासायला आमच्याकडे एक पितळी वज्री आहे, आजेसासूबाईंची. वर पकडायला मोर, खाली खरखरीत तळ. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वज्र्या मांडून ठेवलेल्या बघितल्या तेव्हा मुलगी ओरडली, ‘आपली बाथरूममधली!’ एवढीशी टाच घासायची वस्तू, पण घडवणाऱ्याने तिच्यावर पोपट, मोर काय काय बसवलेत. आईंच्या पायांना मात्र वज्री चालत नाही, ती माझ्यासाठी. त्यांच्या टाचेला मुठेलच. फक्त आजीच्या पद्धतीने नाही. निखाऱ्यावर वितळवून थेंब सोडणं या पायांवर कल्पनेतही नको. गोळा हातात धरून तळव्यावर घासत राहायचं. मुठेल वितळायला अंगाच्या उबेहून थोडी जास्तच ऊब लागते, म्हणून वेळ जातो, पण घासता घासता ते मऊ पडतं. मग ते टाचेत जिरवायचं आणि वर सुती मोजे. आजी असती तर म्हणाली असती, चटका नाही तर औषध लागलं हे समजायचं कसं? ते आता डोळ्यांनी समजून घ्यावं लागतं.

मागच्या माघात आई म्हणाल्या, पंढरपूरला जाऊ. आमच्यापासून दोन तासांवर पंढरपूर, गर्दी नसलेला दिवस बघून गेलो. तिथे दर्शनाच्या दोन रांगा असतात, मुखदर्शनाची आणि पदस्पर्शाची. मुखदर्शन लवकर होतं. आईंना पदस्पर्शच हवा होता. रांगेत मी त्यांना सांगत होते की लाखो हात लागून आणि अभिषेकांनी विठ्ठलाच्या पायांची झीज होते, म्हणून त्यावर अधूनमधून वज्रलेप करतात, पुरातत्त्व खात्याची माणसं येऊन करून जातात. आई थोडा वेळ विचार करत राहिल्या. ‘त्याचं बरंय,’ म्हणाल्या, ‘सरकारी माणसं येतात. मला सुनेवर भागवावं लागतंय.’ पुढचे दोन वारकरी मागे वळून हसले. गाभाऱ्यात पोचल्यावर त्यांनी डोकं टेकवलं, आणि उठताना त्या समचरणांवरून बोटं फिरवली, सावकाश, रविवारी मी त्यांच्या पायांवरून फिरवते तशी. पुजाऱ्यांनी ‘चला, चला’ केलं.

परवाचा रविवार. शिवरात्र होऊन गेलेली, कूलर अजून माळ्यावर. उजव्या अंगठ्याच्या नखावर एक आडवी खाच आहे. त्या तापाच्या दिवसांत नखाची वाढ काही काळ थांबली होती, त्याची ही खूण. अशा खाचा मोठ्या आजारानंतर येतात, हे बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४६ मध्येच लिहून ठेवलंय. फोड बरा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी ती मुळाशी दिसायला लागली. तेव्हापासून मी तिला पुढे सरकताना बघतेय. गुढीपाडव्याला इथे, गणपतीत इथे, संक्रांतीला इथे. परवा ती अगदी टोकाला आली होती.

‘आई, आज ती खाच जाणार.’

‘कुठली?’ त्यांनी पेपर खाली घेतला, चष्मा सरळ केला. मी दाखवली. त्यांनी वाकून बघितली, आणि मग त्यांचं बोट शेजारच्या बोटावर गेलं. अंगठ्याजवळच्या बोटाला मुळाशी एक गोल खळगा आहे, फिकट, कातडीत रुतलेला. चाळीस वर्षं तिथे जोडवी होती.

‘ही नाही ना?’

‘नाही. ही नाही.’

‘मग काप,’ म्हणाल्या, आणि पेपर परत वर धरला.